बोट मेलचे शेवटचे स्टेशन

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातून रोज संध्याकाळी रामेश्वरमला एक गाडी सुटते. जुनी माणसे तिला आजही ‘बोट मेल’ म्हणतात. गाडीला बोट नाही, रामेश्वरमला उतरल्यावर पुढे कुठली बोट लागत नाही, तरी नाव टिकले आहे. हे नाव ज्या स्टेशनाशी जोडले गेले ते स्टेशन साठ वर्षांपूर्वी एका रात्रीत समुद्राने नेले. त्याचे नाव धनुष्कोडी. यावेळी त्याच स्टेशनाविषयी.

नकाशा घेतला तर गोष्ट लवकर समजेल. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातून जमिनीचा एक चिंचोळा भाग समुद्रात शिरतो. त्याच्या टोकाला मंडपम. मंडपमसमोर खाडी ओलांडली की पांबन बेट, ज्याला आपण रामेश्वरमचे बेट म्हणतो. या बेटाचे आग्नेयेकडचे शेपूट वाळूचे आहे, लांब आणि अरुंद. डाव्या हाताला पाल्कचा उपसागर, उजव्या हाताला मन्नारचे आखात. काही ठिकाणी इतके अरुंद की मध्ये उभे राहिले तर दोन्ही समुद्र एकाच वेळी दिसतात. या शेपटावर धनुष्कोडी. तमिळमध्ये कोडी म्हणजे टोक; रामाच्या धनुष्याचे टोक अशी हिंदू भाविकांची श्रद्धा. तेथून समोर श्रीलंकेच्या मन्नार बेटापर्यंत वाळूच्या बेटांची आणि उथळ पाण्याची एक रांग गेली आहे. तिला कोणी रामसेतू म्हणतात, कोणी आदमचा पूल. हे दुसरे नाव आपल्या हजरत आदम अलैहिस्सलाम यांच्यावरून आले. श्रीलंकेतल्या ज्या डोंगराला आदमचे शिखर म्हणतात, तिथे १३४४ साली इब्न बतूता चढून गेला होता. जन्नतमधून उतरल्यावर आदमचे पाऊल प्रथम तिथे पडले अशी समजूत अरब खलाशांमध्ये फार जुनी होती. समजुतीच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण वाळूच्या त्या रांगेला दोन धर्मांच्या लोकांनी आपापल्या पूर्वजांची नावे दिली आणि शतकानुशतके दोघेही तिच्या आसपास मासे धरत राहिले, हे मात्र खरे.

आता रेल्वेकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सिलोनच्या डोंगरात आधी कॉफी आणि मग चहा लावला. मळ्यांवर काम करायला माणसे हवी होती, ती तमिळ मुलखातल्या दुष्काळी गावांतून नेली. सुरुवातीला ही माणसे चालत किनाऱ्यावर यायची, होडीतून पलीकडे जायची आणि पुन्हा जंगलातून चालत मळ्यांपर्यंत. वाटेत किती मेली याचा हिशेब कोणी नीट ठेवला नाही. पैसेवाल्या प्रवाशाची सोय वेगळी होती. मद्रासहून रेल्वेने तुतिकोरिनला जायचे आणि तिथून रात्रभराच्या बोटीने कोलंबो. बोट मेल हे नाव त्या काळापासूनचे. पावसाळी समुद्रात तो प्रवास फार त्रासाचा असे.

म्हणून साउथ इंडियन रेल्वेने दुसरा रस्ता काढला. मंडपमपासून पांबन बेटापर्यंत समुद्रावर पूल बांधायचा, रेल्वे थेट धनुष्कोडीच्या टोकापर्यंत न्यायची, आणि तिथून समोरच्या तलैमन्नारपर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटर पाणी बोटीने ओलांडायचे. काही इंग्रज अभियंत्यांच्या डोक्यात तर बोटही नको, सरळ आदमच्या पुलावरून सिलोनपर्यंत रूळ टाकावेत अशी कल्पना होती. खर्चाचा आकडा मोठा होता, ते राहून गेले. पांबनचा पूल मात्र झाला. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. मधला एक गाळा दोन पाखांचा, जहाज आले की दोन्ही पाखे वर उचलायची. ही पाखे यंत्राने नव्हे, माणसांच्या हातांनी उघडत. शंभर वर्षांहून अधिक काळ खलाशांना वाट देण्यासाठी तिथले कामगार ते लोखंड हातानेच फिरवत राहिले.

पूल झाला आणि धनुष्कोडीचे नशीब उघडले. मद्रासहून तिकीट काढायचे ते एकदम कोलंबोपर्यंतचे. रात्रभर गाडी, मग पांबनचा पूल, मग वाळूतून जाणारे रूळ, आणि गाडी थेट धक्क्यापाशी. डब्यातून उतरायचे, जकातवाल्यांना सामान दाखवायचे, आणि समोर उभ्या बोटीत चढायचे. आयर्विन आणि गोशेन या दोन बोटींची नावे त्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी होती. दोन-तीन तासांत पलीकडे तलैमन्नार. तिथे सिलोन रेल्वेची गाडी उभी, ती कोलंबो फोर्टला नेऊन सोडी. म्हणजे रेल्वे, बोट, पुन्हा रेल्वे, आणि तिकीट एक. आज आपल्याला विमानाचे कौतुक वाटते, पण १९१४ सालच्या माणसाला ही सोय केवढी मोठी वाटली असेल!

स्टेशन स्वतः काही भव्य नव्हते. मीटर गेजचे रूळ, बुटकी इमारत, पाण्याची टाकी, रेल्वेच्या नोकरांची घरे. पण त्याच्याभोवती एक गाव उभे राहिले. जकात कचेरी, पोस्ट, बंदराची कचेरी, दवाखाना, शाळा, चर्च, देऊळ, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा, दुकाने. गाडी आली की गाव जागे व्हायचे, बोट सुटली की निवायचे. कोकणातल्या आपल्या बंदरांवरच्या जुन्या लोकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. मुंबईहून येणाऱ्या बोटीच्या भोंग्यावर ज्यांचे घड्याळ चालत असे ते बाणकोट, दाभोळ, जयगड याच जातीचे.

या बोटीतून सगळे एकाच तऱ्हेने जात नव्हते. किळक्करै, कायलपट्टिनम इथले मरक्कायर व्यापारी कोलंबोच्या पेढीवर जायचे. त्यांचा त्या बेटाशी व्यापार आणि सोयरसंबंध दोन्ही जुने. सरकारी नोकर जायचे, शिक्षक, वकील जायचे. आणि सगळ्यात जास्त संख्या मळ्यांवरच्या मजुरांची. त्यांना कंगाणी म्हणजे मुकादम गावातून गोळा करून आणी. मंडपमला सिलोन सरकारची छावणी होती. तिथे त्यांना थांबवून आजार तपासत, टोचत, कागद करत, आणि मगच पुढे सोडत. साहेब लोक मात्र आपल्या डब्यातून सरळ बोटीवर जात. एकच स्टेशन, एकच बोट. पण कोणासाठी तो प्रवास होता आणि कोणासाठी कर्जाच्या खात्यातली पहिली नोंद. प्रवासाचा खर्च मजुराच्या नावावर पडायचा आणि तो फिटायला वर्षे जायची.

आपल्या घराघरांत ज्यांचा फोटो आहे ते माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम याच रेल्वेच्या काठावर वाढले. १५ ऑक्टोबर १९३१ला रामेश्वरममध्ये त्यांचा जन्म. वडील जैनुलाब्दीन. आत्मचरित्रात कलामसाहेब सांगतात की वडिलांनी लाकडी नाव बांधायला घेतली होती, रामेश्वरमहून धनुष्कोडीला यात्रेकरूंची ने-आण करण्यासाठी. यात्रेकरू अर्थातच हिंदू. देवाच्या दर्शनाला आलेल्यांना समुद्र पार करून देणारा नमाजी नावाडी, आणि त्यात कोणालाच काही वावगे दिसत नव्हते. पुढे एका वादळात ती नाव गेली.

दुसरी आठवण थेट गाडीची. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा कलाम आठ-नऊ वर्षांचे. त्यांचे चुलत भाऊ शम्सुद्दीन गावात वर्तमानपत्रे वाटायचे. युद्धामुळे रामेश्वरमला गाडी थांबणे बंद झाले. मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम रोड आणि धनुष्कोडी यांच्यामध्ये धावत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. ते झेलायला आणखी एक माणूस हवा होता, म्हणून शम्सुद्दीनभाईंनी या छोट्या भावाला हाताशी घेतले. स्वतःच्या कष्टाची पहिली कमाई मिळाली त्याचा अभिमान अर्ध्या शतकानंतरही वाटतो, असे कलामसाहेबांनी लिहिले आहे. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण नेहमी शेवटाकडे धावतो: पेपर टाकणारा मुलगा राष्ट्रपती झाला. मला त्यातला मधला भाग जास्त आवडतो. घरच्या माणसाने घरच्या मुलाला काम दिले, त्याचे पैसे मोजून हातात ठेवले, आणि त्या मुलाची शाळा सुटली नाही.

आता त्या रात्रीकडे जावे लागेल.

डिसेंबर १९६४. अंदमानच्या दक्षिणेकडे निर्माण झालेले वादळ पश्चिमेला सरकत श्रीलंकेवर आले, २२ तारखेला तिथे हाहाकार करून पाल्कच्या सामुद्रधुनीत उतरले. त्या दिवशी रामेश्वरम बेटावर वारा आणि पाऊस होताच, पण डिसेंबरात तिकडे पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. आजच्यासारखा मोबाइलवर इशारा येत नव्हता. रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी पांबनहून ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीकडे निघाली. रोजचीच छोटी गाडी. नोंदीप्रमाणे ११० प्रवासी आणि रेल्वेचे ५ कर्मचारी. विनातिकीट किती होते ते वेगळेच, त्यामुळे काही जण हा आकडा दोनशेच्या जवळ नेतात.

धनुष्कोडी काही शे मीटरवर आले आणि सिग्नलचा दिवा दिसेना. ड्रायव्हरने गाडी थांबवली, वाट पाहिली, लांब शिटी दिली आणि हळूहळू पुढे घेतली, असे सांगितले जाते. ‘सांगितले जाते’ एवढेच म्हणता येईल, कारण त्या गाडीतून सांगायला कोणी परत आले नाही. समुद्राची प्रचंड लाट आली आणि इंजिनासकट सगळे डबे पाण्याखाली गेले. त्याच लाटेने गाव घेतले, स्टेशन घेतले, धक्का घेतला. पांबनच्या पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्रात पडले. तारा तुटलेल्या, पूल तुटलेला. गाडी गेली ही बातमी बाहेरच्या जगाला कळायला जवळजवळ दोन दिवस लागले. एकूण मृतांची संख्या साधारण १,८०० सांगतात.

आपल्याकडे ‘रामदास’ बोटीची आठवण अजून काढतात. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कुलाबा जिल्ह्यातल्या कित्येक घरांत त्या दिवशी एकदम अनेक जनाजे उठले, कित्येकांना तर जनाजाही मिळाला नाही. धनुष्कोडीचे दुःख तसेच. फरक इतकाच की रामदासनंतर रेवस जागेवर राहिले, धनुष्कोडी राहिले नाही. सरकारने ती जागा राहण्यास अयोग्य ठरवली.

पूल मात्र पुन्हा उभा राहिला, आणि फार लवकर. काम दक्षिण रेल्वेच्या एका तरुण अभियंत्याकडे आले. वय ३२. त्याने समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून पुन्हा जागेवर बसवले. वरिष्ठांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती, काम ४६ दिवसांत झाले. हा अभियंता म्हणजे ई. श्रीधरन. पुढे १९९० साली कोकण रेल्वेची सूत्रे त्यांच्याच हाती आली. रत्नागिरी, चिपळूण, खेडचे आपले वाचक मुंबईहून ईदला गावी जाताना ज्या रुळांवरून जातात, त्यांचे नाते असे थेट पांबनच्या पुलाशी आहे.

गाडी मात्र आता रामेश्वरमलाच संपू लागली. बोटीही तिथूनच तलैमन्नारला जाऊ लागल्या. आणि इथे या कहाणीतला सगळ्यात कडू योगायोग आहे. सिलोन स्वतंत्र झाल्यावर १९४८च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरची लाखो तमिळ माणसे कोणत्याच देशाची राहिली नाहीत. त्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथे जन्मलेल्या, तरीही. ३० ऑक्टोबर १९६४ला लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ५,२५,००० माणसे भारताने परत घ्यायची, ३,००,००० सिलोनने आपली म्हणायची, उरलेल्यांचे नंतर पाहू. कराराला दोन महिनेही झाले नाहीत तोच वादळ आले. ज्या धक्क्यावरून आजोबा गेले होते तो धक्का नातवाला परतताना मिळालाच नाही. तो रामेश्वरमला उतरला आणि मंडपमच्या छावणीत गेला. ज्या देशात तो उतरला तो त्याने कधी पाहिलेला नव्हता. त्याच्या बापाचे थडगे, त्याचे घर, त्याची भाषेची लकब, सगळे पलीकडे राहिले. कागदावर याला ‘मायदेशी परत पाठवणे’ म्हणतात. नागरिकत्वाच्या कागदांवरून आजही जिथे कुठे वाद पेटतात, तिथे मला मंडपमची ती रांग आठवते.

१९८३ नंतर श्रीलंकेत यादवी पेटली आणि बोटसेवाही बंद पडली. मग उलटी वाहतूक सुरू झाली. जीव वाचवायला निघालेली कुटुंबे रात्री होड्यांतून धनुष्कोडीच्या वाळूवर उतरू लागली. २०२२ साली श्रीलंकेत महागाईने लोक हैराण झाले तेव्हाही काही कुटुंबे अशीच याच टोकाशी येऊन पोहोचली. स्टेशन नाही, गाडी नाही, तरी माणसे अजून तिथेच येतात, कारण पाणी तिथेच सर्वांत अरुंद आहे.

आज धनुष्कोडीला काय आहे? चर्चच्या भिंती, स्टेशनच्या इमारतीचे तुकडे, रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा सांगाडा. मच्छीमार कुटुंबे मात्र परत आली आहेत. पूर्वी तिथे जायला वाळूतून जीप किंवा पायपीट हाच मार्ग होता. २०१७ला थेट टोकापर्यंत, म्हणजे अरिचलमुनैपर्यंत, डांबरी रस्ता झाला. रामेश्वरमहून बस मिळते. कुटुंबासह जाणार असाल तर पिण्याचे पाणी बरोबर घ्या, सावली कुठेही नाही. मुलांना टोकाच्या पाण्यात उतरू देऊ नका, तिथला ओढ फसवा आहे. अंधार पडण्याआधी परत फिरावे लागते. रामेश्वरमपासून जवळच पेइकरुंबू इथे डॉ. कलामांची मजार आणि स्मारक आहे. तिथे दुआ करून पुढे जाता येते.

रूळ पुन्हा टाकण्याचीही गोष्ट निघाली. १ मार्च २०१९ला रामेश्वरम ते धनुष्कोडी नव्या मार्गाची पायाभरणी झाली. राज्य सरकारने पर्यावरणाच्या कारणाने हरकत घेतली आणि काम पुढे गेले नाही. मला ती हरकत पटते. त्या वाळूवर कासवे अंडी घालतात, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि ती वाळू स्वतःच एका जागी राहत नाही. ११५ माणसांची गाडी जिने गिळली, तिच्यावर पर्यटकांच्या हौसेसाठी पुन्हा रूळ घालावेत का? त्याऐवजी त्या मच्छीमारांच्या वस्तीला वीज, नळ आणि वादळाची वेळेवर खबर मिळाली तर पैसा जास्त सत्कारणी लागेल. काही वाचकांना हे पटणार नाही. स्टेशन परत यावे, पूर्वजांच्या वाटेने जाता यावे, असे वाटणारी माणसे तमिळ मुलखात भरपूर आहेत आणि त्यांची ओढ खोटी नाही.

जुना पांबन पूलही आता थकला. डिसेंबर २०२२पासून त्यावरून गाड्या बंद झाल्या आणि सव्वादोन वर्षे प्रवासी मंडपमलाच उतरत होते. ६ एप्रिल २०२५ला शेजारी नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो, विजेवर. बोट मेल पुन्हा रामेश्वरमपर्यंत जाऊ लागली.

पलीकडच्या किनाऱ्यावर तलैमन्नारचा मार्गही युद्धात उखडला गेला होता. तो भारताच्या इरकॉन कंपनीने पुन्हा बांधला, आणि १४ मार्च २०१५पासून कोलंबोची गाडी परत तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत येते. दोन्ही देशांत रामेश्वरम–तलैमन्नार बोटीची बोलणी अधूनमधून होतात. तोपर्यंत तलैमन्नारला उतरलेला प्रवासी समुद्र पाहतो आणि त्याच गाडीने परत जातो.